कॅरियरवरचे चार पिपे

मधू,

तुझी तेरवी झाल्यावर दोन दिवसांनी तुझ्या कचेरीतल्या लोकांनी शोकसभा घेतली. चौघं बोलले. मोजणीखात्यात मधुकररावांसारखा काटेकोर नकाशा काढणारा पुन्हा होणे नाही, म्हणाले. स्वभावानं मवाळ, म्हणाले. तू आणि मवाळ! मला वाटलं आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेला येऊन बसलोय. मग तुझे साहेब आवाज खाली आणून म्हणाले की घाटातल्या त्या अपघातानंतर मधुकरराव खचले ते खचलेच, एका डुलकीनं माणसाच्या आयुष्याचं काय होतं बघा. आणि त्यांनी मला बोलायला उभं केलं, कारण तुझ्या आईच्या तोंडात शेवटचं गंगाजल घातलं ते मी. मी उभा राहिलो, मला बोलवत नाही म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गळा दाटून आला. गळ्याला काही झालं नव्हतं. नऊ वर्षं जसा गप्प बसलो तसाच आणखी एकदा बसलो होतो.

आता इथे बोलतो. तू ऐकायला नाहीस हे मला कळतं. तू असताना बोलायला पाहिजे होतं हेही कळतं, ते मला कुणी शिकवू नये.

जीप तू लिलावात घेतलीस आणि मिरवली मात्र आपण दोघांनी. सैन्यातली जुनी गाडी, वरचं कापड फाटून गेलेलं. तू तिला पत्र्याचं टप बसवून घेतलंस आणि मग कॅरियरचा विषय निघाला. माझं कागदाचं दुकान सदरमध्ये, आणि दुकानाला लागूनच वेल्डर. म्हणून मी आधीच त्याला सांगून ठेवलं होतं: चांगला जाड अँगल घे, चारी बाजूंनी फूटभर उंच कठडा कर, भरलं की भरलं वाटलं पाहिजे. तू आलास तो ट्रेसिंग पेपरची सुरळी घेऊन. कॅरियरचा नकाशा! वेल्डर हसायला लागला. तुझ्या नकाशात अँगल नव्हता, पोकळ पाइप होता. कठडा वीतभर. खाली लाकडी पट्ट्या, म्हणजे ताडपत्री कापली जाणार नाही. पाय चाराऐवजी सहा, आणि ते टपाच्या कडेच्या पन्हाळीत बसवायचे तेव्हा खाली जुन्या टायरचे रबर घालायचे.

दोन रविवार आपण त्यावर भांडलो. मी म्हणालो, वीतभर कठड्यात काय राहणार, पापड वाळत घालायचेत का? तू शांतपणे म्हणालास, "कठडा उंच केला का मानूस भरतच जाते, वसंता. मी तुले ओळखून हाय." दुकानातल्या गिऱ्हाइकासमोर म्हणालास, म्हणून मला जास्त राग आला.

कॅरियर तुझ्याच नकाशाप्रमाणे झाला. पण तेवढ्यावर तुझं समाधान कुठलं व्हायला. फुटाळ्याच्या बाजूला मोकळ्या रस्त्यावर गाडी नेलीस, मला चालवायला बसवलंस आणि स्वतः वर चढून कॅरियरवर मांडी घालून बसलास. मला म्हणालास, आता वळव. मी वळवली. गाडी वळली आणि नंतर वरचा भाग सावकाश तिच्या मागून आला. खाली उतरून तू मला विचारलंस, समजलं का. एक माणूस वर बसला तर एवढं झुकतं, म्हणून आपण वर त्याच्या अर्धंच ठेवायचं, आणि तेही आडवं, पसरून. गाद्या, ताडपत्री, चादरी, रिकामी भांडी. पेट्रोल, पाणी, हत्यारं, दुसरं चाक, सगळं खाली. हलणारी वस्तू तर वर अजिबात नाही. मला समजलं होतं, मधू. हे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहू नये.

पचमढी केली, चिखलदरा तीन वेळा केला, एकदा तर थेट बस्तरात जगदलपूरपर्यंत गेलो. दर पन्नास मैलांवर तू गाडी थांबवायचास. सहाही पायांचे नट पान्यानं तपासायचास, दोर ओढून बघायचास. मी झाडाखाली बसून तुझी टिंगल करायचो, की आता गाडीला विचार, चहा घेते का. माझी गाठ तुला कधीच पसंत पडली नाही. मी मारलेली सोडून तू स्वतःची मारायचास, आणि मी बघत राहायचो. पाहून पाहून मला ती येऊ लागली. दोन वेढे, मग दोर स्वतःखालून काढून ओढायचा. चांगली गाठ होती, ओढली की आवळत जायची. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. बायकोला हे मी कधी सांगितलं नाही, तिला वाईट वाटेल.

पेट्रोलचे भाव भडकले त्या वर्षी तुझे वडील गेले. अस्थी पिंपळाला टांगलेल्या होत्या आणि तुझ्या आईनं हट्ट धरला की रेल्वेनं नाही, माझ्या पोराच्या गाडीनं मी त्यांना प्रयागला नेणार. आपण तिला माय म्हणायचो, तू आणि मीही. कुसुमवहिनी येणार होत्या, पण धाकटीला गोवर निघाला. म्हणून आपण तिघंच निघालो. जाताना सगळं नीट झालं. माय पुढे डावीकडे बसली होती, मांडीवर तांब्याचा कलश, आणि वाटेत प्रत्येक नदीचं नाव विचारत होती.

प्रयागच्या आधी, निघायच्या आदल्या संध्याकाळी, मी एक उद्योग करून बसलो होतो. प्रताप नगरच्या आमच्या ले-आउटमध्ये घरोघरी जाऊन सांगितलं होतं की गाडी चाललीच आहे, तर गंगाजल आणतो. अठरा घरं. प्रत्येक घरात कुणी ना कुणी म्हातारं होतं, आणि प्रत्येक घरानं मला चहा पाजला. मला कुणी असं कधी विचारत नसे. कागद-पेन्सिलीच्या दुकानदाराला कोण विचारतो! त्या दोन तासांत मी फार मोठा माणूस झालो होतो.

अस्थी सोडून झाल्यावर घाटावरच तुला हे सांगितलं. तिथे तेलाचे रिकामे पिपे विकायला होते, धुऊन, पाणी भरून, झाकणाला डाख लावून देत. मी चार पिपे म्हणालो. तू एकही नाही म्हणालास. आत जागा नव्हती, ते खरं होतं. माझं म्हणणं वर ठेवू, गाद्यांमध्ये. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "वर पानी हालते, वसंता. पानी हाललं का गाडी हालते. एक बी पिपा वर जानार नाही." मग तुझं तूच ठरवलंस की प्रत्येक घराला बोटभर उंचीचा सीलबंद गडू नेऊ, छोटा, आत मावेल असा. मायनं तिचा गडू घेतला. मी रुसलो, घरांसाठीचे गडू घेतलेच नाहीत. अठरा घरांना बोटभर पाणी काय दाखवू, असं मला झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू मायला शेवटच्या स्नानाला घेऊन गेलास. मी धर्मशाळेत सामान बांधायला थांबलो. घाटावर जाऊन चार पिपे भरून घेतले, हमालाकडून गाडीपर्यंत आणवले आणि त्याच्याच मदतीनं कॅरियरवर चढवले. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, गाद्यांमध्ये गुंडाळून, वरून ताडपत्री. चार पिप्यांचं वजन तुझ्या वजनापेक्षा जास्त होतं. गाठ तुझी मारली. तू आलास, खालून दोर ओढून बघितलास. रोज तू वर चढून सामान चाचपायचास. त्या दिवशी मायला जरा कणकण होती, आणि मी म्हणालो, मी बघितलंय सगळं, बस तू. तू म्हणालास, "आज गाठ बरी मारली गा." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणालास.

गाडीनं तुला लगेच सांगितलं. रीवा सोडल्यावर तू म्हणालास की आज जड चालून राहिली. कटनीला पुन्हा म्हणालास. जबलपूरच्या पुढे एका धाब्यावर गाडी उभी करून तू खाली गोणपाट टाकलंस आणि गाडीखाली शिरलास, कारण तुला डाव्या बाजूच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पान मोडल्याचा संशय होता. मला म्हणालास, तू पण ये, टॉर्च धर. मी तुझ्या शेजारी पाठीवर झोपलो. डोक्यावर गाडी, गाडीच्या डोक्यावर माझे चार पिपे. तू एकेक पान बोटानं चाचपत होतास. सगळी पानं शाबूत होती. तुझं तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि मी टॉर्च धरून होतो. तिथे बोलायला हवं होतं. तू मला चार शिव्या दिल्या असत्या, पिपे धाब्यावर ओतले असते, आणि माय घरी आली असती. मला वाटलं, एवढं आलोच आहोत, आता नागपूर किती राहिलं. खरं म्हणजे मला तुझ्या शिव्यांची भीती वाटली.

कुरईचा घाट तू फार सावकाश उतरत होतास. हे मी शपथेवर सांगतो. तुझे डोळे टक्क उघडे होते, मी मागच्या बाकावरून आरशात पाहत होतो. वळणावर समोरून ट्रक वर आला, मध्यावरून. तू गाडी डावीकडे घेतलीस, ट्रक गेला, आणि तू ती पुन्हा रस्त्यावर आणलीस. कुठल्याही चांगल्या ड्रायव्हरनं तेच केलं असतं. गाडी रस्त्यावर आली आणि वरचं वजन उशिरा आलं. गाडी डाव्या कुशीवर पडली, मायच्या बाजूला.

कॅरियर तुटला नाही. तुझे सहा पाय जागचे हलले नाहीत. तू एवढं चांगलं काम करून घेतलं नसतंस तर तो पन्हाळीतून उखडून पिप्यांसकट दरीत गेला असता आणि गाडी कदाचित चाकांवर राहिली असती. मी अनेकदा तुझ्या चांगल्या कामाचा राग केला आहे.

पुढचं तुला माझ्या तोंडून जे माहीत होतं ते असं: मी बाहेर आलो, मायला बाहेर काढलं, तिनं पाणी मागितलं, तिच्याच गडूतलं गंगाजल मी तिच्या तोंडात घातलं, आणि ती गेली. खरं असं आहे की एक पिपा फुटला होता आणि कॅरियरवरून पाणी वाहत होतं. ती ओंजळ त्या पाण्याची होती. तू आत अडकला होतास, खांद्याचं हाड मोडलेलं, मला हाका मारत होतास. मी तुझ्याकडे आलो नाही. आधी दोर सोडले. तुझीच गाठ, ओढलेली, सुटेना, मग चाकूनं कापली. चारही पिपे एकेक करून दरीत लोटले. मग मायचा गडू शोधला, त्याचं झाकण दगडानं फोडलं, त्यातलं पाणी मातीत ओतलं आणि रिकामा गडू तिच्या हाताशी ठेवला. हे सगळं करून मी तुझ्याकडे आलो. तुला वाटलं, मी मायजवळ होतो म्हणून उशीर झाला.

तुझी आक्का, तुझी मोठी बहीण, कळमेश्वरहून आली ती ओरडतच आली. झोपून माय मारली, म्हणाली. ट्रकवाला सापडला नाही, मी तोंड उघडलं नाही, दुसरं कारण कुणाजवळ नव्हतं, म्हणून पोलिसांनीही तेच लिहिलं. दहाव्या दिवसापासून तिनं तुझ्या घराचा उंबरा सोडला. आणि तू माझे हात धरून म्हणालास की वसंता, तुझ्यामुळे निदान मायच्या तोंडात गंगा पडली. नऊ वर्षं तू माझे उपकार मानलेस, मधू. माझ्या मुलीच्या लग्नात आठ दिवस राबलास. दिवाळीला पहिला डबा तुझ्या घरून माझ्याकडे यायचा. मी तो खात होतो.

तू पुन्हा गाडी चालवली नाहीस. जीप विकलीस, कॅरियर काढून ठेवलास. अंगणात भिंतीला उभा केलास, वहिनींनी त्यावर वालाचा वेल चढवला. आणि तू हिशोब करायला बसलास. मोजणीवाला माणूस, तुला राहवेना. दोनदा एस.टी.नं जाऊन ते वळण टेपनं मोजून आलास. ट्रेसिंग पेपरवर वळण, उतार, गाडीची रुंदी, उंची, वरच्या गाद्यांचं वजन. गाद्या घरी तराजूत घालून तोलल्यास. दर काही महिन्यांनी मला बोलावून समोर कागद पसरायचास आणि विचारायचास, या वेगाला गाडी पडाले नाही पायजे, मग पडली काहून? मी म्हणायचो, जाऊ दे आता. तू म्हणायचास, कुठंतरी एक आकडा कमी पडून राहिला. मी चहा प्यायचो आणि घरी यायचो.

तुझा आकडा बरोबर होता. तुझी सगळी आकडेमोड बरोबर होती.

शेवटी हॉस्पिटलात कावीळ डोळ्यांत उतरली होती, तेव्हा तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता विचारशील, तर सांगेन. तू विचारलं नाहीस. तू सांगितलंस. "झोपलोच असन गा मी, वसंता. दुसरं काई निघतच नाही." वहिनी उशाशी होत्या. नर्स सलाइन बदलत होती. मी म्हणालो, असू दे, पडून राहा. तीन दिवसांनी तू गेलास. नऊ वर्षं शोधलेलं उत्तर तुला मिळालं नाही म्हणून तू खोटं उत्तर मान्य केलंस, आणि मी पलंगाशी उभा राहून त्याला मान हलवली.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. स्वयंपाकघराच्या दारात बसून सगळं सांगितलं, चारही पिपे, गडू, टॉर्च. त्या गहू निवडत होत्या. हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर म्हणाल्या, की दुपारी सगळं नागपूर झोपतं, पण हे उन्हाळ्यातसुद्धा आडवे व्हायचे नाहीत, ठाऊक आहे का तुम्हाला? डोळा लागायला लागला की उठून उभे राहायचे. डुलकीची त्यांना भीती बसली होती. ऑफिसातून आले की खुर्चीत न बसता उभ्यानं चहा प्यायचे. मला ठाऊक नव्हतं. तुझ्या घरी माझं इतकं जाणं-येणं, आणि मी तुला कधी बसायला सांगितलं नाही.

मी म्हणालो, वहिनी, मला काय म्हणायचं ते म्हणा.

"मले काहून सांगून राहिले, भाऊजी? मी त्यायले कधी दोष देल्लाच नव्हता. देला तिनं. तिले जाऊन सांगा." मग म्हणाल्या, "भाऊ गेल्याची तार गेली, तरी आक्कानं सुतकाची आंघोय केली नाही. माहा भाऊ मायसंगच मेला म्हने."

काल मी कळमेश्वरला गेलो. आक्का आता थकली आहे, भिंतीला धरून चालते. तिनं मला ओळखलं, मायच्या तोंडात पाणी घालणारा म्हणून ओळखलं, आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हणालो, चहा नको, आधी ऐका. ओसरीवर उभ्यानंच सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही, माझ्या रुसण्यासकट सांगितलं, अठरा घरांच्या चहासकट सांगितलं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, की तो जागा होता ना. मी म्हणालो, टक्क जागा होता, आक्का. त्याच्या हातून काही चुकलं नाही.

ती दोन पावलं माझ्याकडे आली. मला वाटलं, मारेल. मारायला हवं होतं. ती म्हणाली, "नऊ वर्सं तू माह्या भावाले माह्यापासून तोडलं." आवाज चढवला नाही. मग सुनेला हाक मारून म्हणाली, चुलीवरचं उतरव, न्हाणीत पाण्याची बादली ठेव. सून म्हणाली, आत्या, सकाळी झाली ना तुमची आंघोळ. आक्का नेसत्या लुगड्यानिशी भिंत धरत धरत न्हाणीकडे गेली.

मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी ओसरीवर उभा होतो. आतून डोक्यावर पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि तिनं तुझं नाव घेऊन मोठ्यानं रडायला सुरुवात केली, आजच बातमी आल्यासारखी. शेजारच्या बाया कोण गेलं म्हणून विचारत धावत आल्या. सुनेनं त्यांना सांगितलं, आमच्या आत्याबाईचा भाऊ गेला.